कोळीवाड्यातला बोया

हसू नका, पण वाशीत नवीन होतो तेव्हा एका बोयापायी मी आठ दिवस नीट जेवलो नव्हतो. हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवायचं, लायसन्स नुकतंच मिळालेलं. हेडफोन लावला की दर पाच मिनिटांनी मोर्समध्ये तीच दोन अक्षरं. सिग्नल एवढा तगडा, की तो पाठवणारं मशीन जवळच असणार. कुणी चोरून संदेश पाठवत असलं तर? पोलीस आधी माझ्याकडेच येणार, कारण आख्ख्या सोसायटीत तसली अँटेना एकट्या माझी!

शेवटी ट्रान्झिस्टर फिरवत माग काढला, तो निघाला कोळीवाड्यात. एका अंगणात ट्रॉलरच्या जाळ्यावरून तुटून वाहत आलेला बोया उभा, जाळं कुठे आहे ते कळावं म्हणून रेडिओ सिग्नल सोडणारा. वर लुकलुकता दिवा, दांडीला बोंबील सुकत घातलेले.

“बाई, हे बंद करा. पोलीस येतील,” अंगणातल्या कोळणीला मी म्हणालो.

“नाय दादा. मालक दर्यान गेल्यात. ‘मी येईपर्यंत दिवा इझू देऊ नको,’ बोलून गेल्यात. यायच्या दिसाला दोन दिस वर झाले.”

दिवा नि सिग्नल एकाच खटक्यावर होते; त्याच्याकडे गेलेला हात मी मागे घेतला.

मग रोज तोच सिग्नल ऐकायला बसायचो. तिसऱ्या दिवशी तो थांबला. एकतर तिचा नवरा परतला, नाहीतर तिने आशा सोडली.

स्कूटर काढून तडक कोळीवाडा गाठला. दारात दाढी वाढलेला माणूस.

“पोलिसाला भिनारे सायेब तुमीच ना?” तो म्हणाला. “घरात शिरायच्या आधी तुमचा खटका बंद केला.”