इंजिन ऑइल ठीक

पार्ट्सच्या दुकानातली रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. लष्करातून निवृत्त झालेल्या मेकॅनिकपुढे दोन ट्रकवाले बोलत होते.

"लष्कराच्या लिलावातला ट्रक घेतलास म्हणे?"

"घेतला. सोबत तपासणीची वही आहे. नऊ वर्षांत एक दिवस चुकलेला नाही!"

"नशीब काढलंस की."

"कसलं डोंबलाचं नशीब! इंजिन दोन महिने उतरवून ठेवलं होतं, तेव्हाही रोज लिहिलंय, 'इंजिन ऑइल तपासलं, ठीक.'"

"सही कुणाची?"

"नाव लागत नाही. पण खाली तीन वेटोळ्यांची लांब शेपटी आहे. कुठेही ओळखीन."

मेकॅनिकचा नंबर आला. ते दोघे काउंटरलाच टेकून फिल्टर न्याहाळत होते.

"काका, माल मिळाल्याची सही करा."

"अंगठा चालेल का?"