उतारावरची उभी गाडी

…आणि वर बायको मलाच विचारते, "तुम्ही ब्रेक का नाही दाबला?" अगं, मी शिंपी माणूस! जन्मभर दाबलं ते शिलाई मशीनचं पायडल! आणि तुम्हाला सांगतो, गाडी उभी होती हो… नुसती उभी होती!

झालं काय, सासूबाईंची दाढ काढायला त्यांना खाली ला पाझ शहरात न्यायचं होतं. सासूबाई, सगळे मानानं 'दोन्या सातुर्निना' म्हणतात त्यांना, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. दाढ ठणकतेय, तरी तोंड चालूच. मिनीबसमध्ये आम्ही दोघंच, पार मागच्या सीटवर. ड्रायव्हर विल्बेरनं भर उतारावर गाडी थांबवली, चाकाखाली धोंडा सरकवला, "काका, आलोच पाव घेऊन!" आणि पसार. हँडब्रेक? तो केव्हाच मेलेला!

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "गाडी शांत दिसते ना? पण उंचीवर आहे. पोटात ऊर्जा साठवून बसलीय. वाट मिळाली की तीच पळायला लागेल."

"आई, कशाला अभद्र बोलता?"

तेवढ्यात वारा सुटला. बाहेरच्या बटाटेवालीचं प्लास्टिक फडफडायला लागलं. तिला हवा होता दगड. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं… वाकली… "अहो बाई, तो नको! तो नको!" पण काचेतून ऐकतंय कोण? दिला की दोन्ही हातांनी हिसडा! उभी होती हो… नुसती उभी होती…

निघाली! आधी गोगलगाय, मग बैल, मग तर विचारूच नका! मागून सासूबाई, "बघा, उंची घटतेय तसा वेग वाढतोय!" अशा वेळी! मी सीटांवरून उड्या मारत पुढे गेलो, हँडब्रेक ओढला, तो हातातच आला! पायाखाली सापडलं ते दाबलं, तो निघाला क्लच! मग स्टिअरिंगला मिठी मारली आणि बोंबलत सुटलो, "सरका! सरका!" खाली चौकात संत्र्याच्या रसाची हातगाडी, रसवाला पळाला, हातगाडी तिथंच… वीतभरानं चुकली! मी चुकवली नाही हो, माझे डोळे मिटलेले होते!

पुढे चढ. गाडी चढली, दमली, थांबली. म्हटलं, वाचलो! मागून आवाज, "नाही जावईबापू, आता पुन्हा उंचीवर आलोय…" आणि सुटली की उलटी! मागचं दिसेना, चौक पार, पुन्हा वर, पुन्हा थांबली, पुन्हा खाली!

तिसऱ्या झोक्याला सासूबाई गप्प झाल्या. गप्प! तेव्हा मी खरा टरकलो. बघतो तर सीटा धरत धरत पुढे आलेल्या, गारठलेला हात माझ्या खांद्यावर. "फोर्तुनातो," लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नावानं हाक मारली हो, "मरतो का रे आपण?"

"छे हो, आई," मी म्हटलं. मला काय ठाऊक? पण म्हटलं.

झोके लहान लहान होत गेले आणि गाडी चौकातल्या खोलगटात निवांत बसली. कुणाला ओरखडा नाही. आम्ही खाली उतरलो, एकमेकांना धरून. विल्बेर धावत आला, काखेत पाव. वाटलं, आता पाया पडतो. त्यानं गाडीकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं, डोकं खाजवलं.

"काका, अवघड झालं. स्टार्टर गेलाय हिचा, उतारावर सोडली तरच चालू होते."

"मग?"

"मग काय… वरपर्यंत ढकलू या."

आता काय सांगू तुम्हाला… ढकलली.