बबनदादांच्या उंटाचं रक्त

तुम्ही स्वतःच्या रिपोर्टला घाबरता, मला एकदा उंटाच्या रिपोर्टने चक्रावून टाकलं. मी परळला जनावरांची डॉक्टर. माझगावचे बबनदादा वरातींना उंट देतात. त्यांच्या राजा नावाच्या उंटाचं रक्त सहज म्हणून तपासलं, तर युरिया, साखर, क्षार, काहीच पुस्तकाशी जुळेना.

"दादा, राजा आजारी दिसतोय."

"आजारी? अहो, सकाळी माझ्या डब्यातल्या चपात्या पळवल्या त्याने."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. घरी गेल्यावर माझ्या डोक्यात आलं, पुस्तकातले आकडे वाळवंटातल्या उंटांचे आहेत. आपल्या दमट हवेत वाढलेल्या उंटाचे वेगळे असतील की. खात्री करायला दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुसऱ्या उंटाचं, बादलचं रक्त घेतलं. त्याचेही आकडे राजासारखेच निघाले.

मी खुशीत म्हटलं, "काळजी मिटली दादा. दोघेही ठणठणीत आहेत."

दादांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरले.

"मॅडम, काल एकाचं जुळलं नाही, तर तो आजारी. आज दोघांचं जुळलं नाही, तर दोघेही ठणठणीत?"

मी समजवायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "राहू दे. तुमचं रक्त कधी तपासलंय का?"