बेटं पाहून आलेला कंद

आजच्या या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या केळी सोसायटीचे सर्वांत ज्येष्ठ संचालक आदरणीय भटूआबा. अमळनेरहून दोन गाड्या बदलून आलेले प्रमुख पाहुणे प्राचार्य महोदय. व्यासपीठावर माझ्या शेजारी गळ्यात हार घेऊन बसलेले माझे सहप्रवासी, सोसायटीचे चेअरमन जीवरामनाना आणि व्हाइस चेअरमन अभिमनभाऊ. समोर बसलेले सावदा परिसरातले बागाईतदार बंधू, डाव्या हाताच्या माताभगिनी, आणि मागे केळीच्या पानांच्या ढिगावर ऐसपैस बसलेले माझे माजी विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्तींच्या वतीने उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. नाना बोलणार नाहीत. नानांच्या मते मोठ्या माणसाने सत्कार घ्यायचा असतो, बोलणं हे मास्तरचं काम. अभिमनभाऊ बोलणार नाहीत, कारण त्या बेटांवर आपण काय पाहिलं हे त्यांना अजून आठवायचं आहे. नानांनी सकाळी निरोप पाठवला होता की प्रवास जरा गोड करून सांगा, बायामाणसं असतील. प्रयत्न करतो.

माझ्या आधी पाच वक्ते झाले. कोणी नानांना दर्यावर्दी म्हणालं. कोणी म्हणालं, सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस साता समुद्रापार झेंडा लावून आला. एकाने तर 'ज्ञानाची तहान' असे शब्द वापरले. नानांची तहान मी अठरा दिवस जवळून पाहिली. ती चहाची होती. तिथे मनासारखा चहा मिळाला नाही, म्हणून एक अख्खा देश त्यांनी भिकारडा ठरवून टाकला.

दौरा मुळात केळीचा होता, हे आपण जाणताच. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर नावाचा देश आहे, तिथली केळी बोटीने जगभर जाते. ती शेती पाहायला सोसायटीने तीन माणसं पाठवायचं ठरवलं. दोन माणसं ठराव होण्याआधीच ठरलेली होती. तिसरा इंग्रजी येणारा हवा, म्हणून मला विचारलं. तिथे उतरल्यावर कळलं की त्या देशात सगळा कारभार स्पॅनिशमध्ये चालतो. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती भाषा मीच त्यांना न विचारता बदलली होती.

मग मी गेलो कशाला? खरं सांगतो. त्या देशाच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटर आत, भर समुद्रात, ज्वालामुखीच्या पोटातून वर आलेली काही बेटं आहेत. गालापागोस. एकतीस वर्षं मी या गावातल्या पोरांना ती बेटं शिकवली. तिथल्या चिमण्यांच्या चोची फळ्यावर काढल्या, कासवं काढली. माझं कासव ढोकळ्यासारखं दिसायचं, पोरं हसायची, ती पोरं आज समोर बसली आहेत. पण जे प्राणी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, ते मरायच्या आधी एकदा डोळ्यांनी पाहावेत, एवढी एकच हौस मी आयुष्यात बाळगली होती. जूनमध्ये निवृत्त झालो, आणि नोव्हेंबरात हा योग आला.

मी नानांपुढे विषय काढला. तीन दिवस जास्त लागतील म्हणालो. बेटांवर केळी आहे का, असं नानांनी विचारलं. फारशी नाही, म्हणालो. मग काय आहे? प्राणी आहेत. नानांनी थोडा विचार केला आणि एकच प्रश्न विचारला.

"रावेरवाल्यायनं पाह्यलं का हे?"

रावेरची सोसायटी म्हणजे आपली जुनी प्रतिस्पर्धी. नाही म्हणालो. "मंग चला," म्हणाले. ज्ञानाची तहान म्हणतात ती हीच असावी.

बेटांवर जाण्याआधी आठ दिवस मळे पाहिले. तिथे जे झालं ते या सभेला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. एका मळ्यात घड असे की दोन गड्यांनी उचलावेत. नानांचा जीव त्या घडांत अडकला. त्याच मळ्याच्या कडेला एक पट्टा मात्र उजाड होता. पानं पिवळी होऊन खोडाभोवती लोंबत होती. मी विचारलं, तेव्हा तिथल्या शेतकी अधिकाऱ्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हा मातीतला रोग आहे, मुळातून चढतो. एका म्हाताऱ्या मजुराने एक खोड आडवं कापून दाखवलं. आत तपकिरी वर्तुळ होतं. अधिकारी म्हणाला, यावर औषध नाही, एकदा माती बाटली की त्या जमिनीत ही केळी पुन्हा होत नाही, आणि तो जातो कंदाबरोबर. मी शब्दन् शब्द मराठीत नानांना सांगितला. नाना 'हं' म्हणाले. ते घड मोजत होते.

आता आपली एक रीत आहे, ती प्राचार्य महोदयांना ठाऊक नसेल. आमच्या भागातला माणूस लग्नाला जावो की दहाव्याला, दुसऱ्याच्या बागेतून एक कंद घेतल्याशिवाय परत येत नाही. त्यातही मागून आणलेला कंद फळत नाही, चोरून आणलेलाच फळतो, अशी आमची श्रद्धा आहे. सासऱ्याची बाग असली तरी सासऱ्याची पाठ वळेपर्यंत आम्ही थांबतो. ही रीत सावद्यापासून फैजपूरपर्यंत ठीक होती. नानांनी ती दुसऱ्या खंडात नेली. संध्याकाळी हॉटेलात नानांच्या धोतरात गुंडाळलेला कंद मी पाहिला. मी म्हणालो, नाना, शेजारच्या पट्ट्यात रोग होता. नाना म्हणाले, हा त्या पट्ट्यातला नाही.

दोन पट्ट्यांच्या मध्ये एक सरी होती, मंडळी. एक हात रुंद.

असो. बेटं. सगळी जमीन काळी, आपल्या विहिरीतून निघतो तसला दगड, पण कालपरवा वितळून थिजल्यासारखा. त्या दगडांवर घोरपडीच्या जातीचे प्राणी उन्हात पडलेले, शेकड्यांनी. ते समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात आणि वर येऊन नाकातून मीठ शिंकरतात. निळ्या पायांचे पक्षी एकेक पाय उचलून मादीसमोर नाचतात. कासवं, एकेक बैलगाडीच्या चाकाएवढं, शंभर-शंभर वर्षांचं. आणि यातलं कोणीही माणसाला भीत नाही. मी वाटेवर उभा होतो, एक पक्षी आला, माझ्या बुटाची नाडी ओढून पाहिली आणि निघून गेला. मला रडू आलं. लाज वाटत नाही सांगायला.

माझे सहप्रवासी काय करत होते? नानांनी कासव पाहून विचारलं की हे दूध देतं का, आणि देत नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला. अभिमनभाऊंना त्याच्या पाठीवर बसून फोटो हवा होता. गाईडने अडवलं, तर म्हणाले, आम्ही एवढ्या लांबून आलोय. दुसऱ्या दिवशी दोघे बोटीतून उतरलेच नाहीत. ज्या पाण्यात पेंग्विन पोहत होते त्याकडे पाठ करून डेकवर पत्ते खेळले, आणि शेव संपली म्हणून हळहळले. आज त्यांच्या मानपत्रात 'निसर्गाचे सूक्ष्म निरीक्षक' असं छापलं आहे. ज्याने छापलं तो माझाच विद्यार्थी आहे, त्यालाही मी नापास करायला हवं होतं.

आता मी स्वतःकडे वळतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, मास्तर दुसऱ्यांचीच धुणी धुतो.

बोटीवर एक गाईड होती, पंचविशीतली मुलगी, इंग्रजी उत्तम. बेटावर उतरण्याआधी ती सगळ्यांच्या पिशव्या तपासायची. फळ नको, बी नको, मातीचा कणही नको. ती म्हणाली, कोणे एके काळी खलाशांनी इथे चार बकऱ्या सोडल्या. पुढे त्या हजारोंनी झाल्या, कासवांना खायला गवत उरलं नाही, आणि त्या संपवायला वर्षानुवर्षं गेली. तिने नानांची पिशवी उघडली. धोतरात कंद होता. तोवर त्याला कोंब आला होता. तिने मला विचारलं, हे काय आहे?

नाना शांतपणे म्हणाले, "तिले सांगा मास्तर, आमचा देव हाये म्हना."

आणि मी सांगितलं. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाने एका शिकलेल्या मुलीला, तिच्या डोळ्यांत बघून, चांगल्या इंग्रजीत सांगितलं की हा आमचा देव आहे. मला वाटलं, खरं सांगितलं तर बोट मागे फिरेल आणि माझी बेटं राहून जातील. त्या मुलीने ताबडतोब हात मागे घेतला, माफी मागितली, आणि देवाला केबिनमध्येच राहू द्यावं अशी विनंती केली. वर हातही जोडले. नाना आणि अभिमनभाऊ हसले. मीसुद्धा हसलो. तिथल्या पक्ष्यांसारखीच ती मुलगी आम्हाला भ्यायली नाही, हीच तिची चूक. या तीन सत्कारमूर्तींत सगळ्यांत हलका माणूस कोण, असं कोणी विचारलं तर मी अभिमनभाऊंकडे बोट दाखवणार नाही.

पुढे मुंबईच्या विमानतळावर तो कंद माझ्या पिशवीत आला, कारण मास्तरची पिशवी कोण उघडतो? खरंच कोणी उघडली नाही. सावद्यातही तो माझ्याच घरी राहिला. नानांना वाटलं, आपल्या वाड्यात ठेवला तर गावकरी चोरतील. आपल्या रीतीवर नानांचा विश्वास आहे. रोज सकाळी त्यांचा माणूस येऊन कंद बघून जायचा.

आज व्यासपीठावर, हळदीकुंकू लावून, पितळी घंगाळात ठेवलेला तो हाच कंद. कार्यक्रमानंतर प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते तो सोसायटीच्या जमिनीत लावायचा आहे. त्याला पिलं फुटतील, आणि दोन वर्षांत प्रत्येक सभासदाच्या बागेत त्याचं एकेक पिल्लू जाईल, असं पत्रिकेत छापलं आहे. म्हणजे कोणत्या कोणत्या बागेत, याचा विचार समोरच्या प्रत्येकाने करावा.

मी परवा नानांकडे गेलो होतो. पुन्हा सगळं सांगितलं. तपकिरी वर्तुळ कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून परत दिला.

"पुस्तकं तुमी वाचा मास्तर. कंद आमाले वाचू द्या."

घरी आलो आणि ताटावरून तसाच उठलो. आमच्या सौभाग्यवती पुष्पाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं, तर मी सांगितलं. बोटीवरच्या देवापासून सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "लोकायच्या बागा मरतीन, अन् आपुन हार घालून बसाचं का?"

एकतीस वर्षांत मला कोणा इन्स्पेक्टरने इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

काल दुपारी, नानांचा माणूस बघून गेल्यावर, आम्ही मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं. कंद मातीसकट त्यात टाकला. पुष्पाबाईंनी तूरडाळीच्या हिशेबाने वेळ धरला, मी घड्याळाच्या हिशेबाने, आणि दोन्ही हिशेब पुरे होऊन वर आणखी एक तास आम्ही तो उकळला. घरी तो ज्यात ठेवला होता ते गोणपाट चुलीत घातलं. माझी पिशवी चुलीत घातली. पाणीही आटवून टाकलं. कंद थोडा काळपट झाला. आज सकाळी नानांनी तो हातात घेतला आणि सगळ्यांना दाखवला की परदेशी मालाचा रंगच वेगळा असतो.

बसा, नाना. अभिमनभाऊ, माईक बंद करू नका, एकतीस वर्षं वर्गात माईक नव्हता, मी तसाही ऐकू जाईन.

हे मी गुपचूप ठेवू शकलो असतो. कंद उगवला नसता, दोन महिन्यांनी लोक म्हणाले असते की माती मानवली नाही. पण मग फेब्रुवारीत जे दहा जणांचं दुसरं शिष्टमंडळ निघणार आहे, ते दहा धोतरांत दहा कंद घेऊन आलं असतं. त्या दहा जणांपैकी सहा माझ्या हाताखालून गेले आहेत. मी त्यांची नावं घेत नाही. उठून उभे राहा असंही म्हणत नाही. बेटं जरूर पाहा, पोरांनो. पक्षी बुटाची नाडी ओढतो. पण येताना हात मोकळे आणा, आणि त्या मुलीने काही विचारलं तर खरं सांगा.

ही शाल आणि श्रीफळ मी टेबलावर ठेवतो. पुष्पाबाईंना विचारूनच ठेवतो आहे.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहत आहेत. सोसायटीने मला बेटं दाखवली, त्याबद्दल मी सोसायटीचा जन्मभर ऋणी राहीन, हे उपरोधाने म्हणत नाही. आपण सर्वांनी माझं एवढं ऐकून घेतलंत, आपले आभार. प्राचार्य महोदय, आपण कंद खुशाल लावा, फोटोही काढा. पाणी घालण्याची तसदी मात्र कोणी घेऊ नये. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक राहिलं असेल तर सभेने ते पोटात घालावं. उकळण्यात काही उणं राहिलेलं नाही.