बुढ्याचा रहिवासी दाखला

परप्रांतातला तुहा बाप असंन बे, माहा नाही. असं तहसीलातल्या त्या बाबूले म्हनाले पाह्यजे होतं, पन तिथं सुचलंच नाही.

बुढ्याच्या मोतीबिंदूच्या आपरेशनाले रहिवासी दाखला लागते. त्याच्या शाळेच्या जुन्या कागदावर जिल्हा बुलडाणा, राज्य मध्यप्रदेश. बाबू म्हने, "भोपाळहून कागद आना."

म्या म्हनलं, "साहेब, तवा आपला जिल्हाच मध्यप्रदेशात होता."

तो बुढ्याले म्हने, "बाबा, मंग महाराष्ट्रात कधी राहाले आले?"

"मी कुठून नाही आलो बापू. मी पिंपळगावातच होतो, महाराष्ट्रच आला माह्या घरी."

बाबू म्हने, "हेच अर्जात लिहून आना."

तिसरी चक्कर झाली. बुढ्याले आता दारही दिसत नाही. तू शिकेल हायेस. चाय ठेव खाली अन् अर्ज लिही.