दापोलीपुढचा कच्चा रस्ता

पंक्चर काढून घ्यायला मानपाड्याच्या सायकलच्या दुकानात थांबलेलो. शेजारी मायलेकी सायकली बघत होत्या.

"आई, ही बारीक टायरची घे. हलकी आहे, मस्त पळते."

"आणि दापोलीपुढे कच्चा रस्ता आहे, त्याचं काय? खडीवर घसरेन मी."

"तेवढं उतरून चालू की."

"अगं, पन्नाशीत शिकले मी सायकल. माहेरच्या दारात सायकलवरूनच उतरायचंय मला."

दुकानदार म्हणाले, "मग जाड टायरची घ्या, ताई. जड चालते, पण खडीवर घसरत नाही."

"पण आई, डांबरी रस्त्यावर तू खूप मागे राहशील."

"राहीन. तू हो पुढे, मी येते हळूहळू."

मुलीने हातातली बारीक टायरची सायकल परत स्टँडला लावली.

"काका, जाड टायरच्या दोन द्या."