ब्रश पुसायचा पुठ्ठा

— नाही, पण ‘वा’ म्हणालात ना तुम्ही, मी ऐकलं. पायपुसण्यावर बूट घासता घासता म्हणालात. त्या भिंतीवरच्या चित्राकडे मान वळायच्या आधीच ‘वा’ बाहेर पडलं. बसा हो, रागावलो नाही मी. तुमच्या सूर्यास्ताच्या चित्राला काच कापेपर्यंत बसावंच लागेल. मी आपलं विचारतोय — आवडलं म्हणून म्हणालात, की म्हणायचं असतं म्हणून? राहू द्या, नका सांगू. तीस वर्षं चौकटी करतोय. लोक सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन येतात, म्हणतात याला शोभेल असं बघा. तुम्हीही आणलाय? द्या इकडे. छान आहे. सोफा म्हणतोय मी.

सगळी सोंगं असतात, साहेब. मी प्रदर्शनात जातो ना चौकटी टांगायला — माणूस आधी खालची पाटी वाचतो, मग चित्र बघतो, मग शेजारचा बघतोय का ते बघतो. आनंदबिनंद कुणाला होत नाही. हे मी धाकट्यालाही सांगतो. धाकटा म्हणजे माझा भाऊ, चित्रं काढायचा. काढायचा म्हणजे — आता नाही काढत, उजव्या हातावर काच पडली त्याच्या. प्रदर्शनातच. ते जाऊ द्या.

त्याची एक सवय होती. ब्रश पुसायला पुठ्ठा घ्यायचा, आणि चित्र वाळलं की तोच पुठ्ठा चित्राच्या तोंडावर ठेवून, दोरीनं बांधून माझ्याकडे पाठवायचा. मी दोरी सोडायची, पुठ्ठा फेकायचा, चित्र चौकटीत घालायचं. शंभरदा केलं असेल. त्या खेपेला बारा होती. अकरा बरोबर बसवली. बारावं सोडलं आणि — आता कसं सांगू — भिंतीला टेकवून ठेवलं, जरा बघावं म्हणून. बराच वेळ बघत बसलो. चहा निवला, कप हाताशी पुठ्ठा होता त्यावर ठेवला. मग घाईघाईत उठलो आणि चित्राऐवजी चौकटीत गेला पुठ्ठा. चुकून हो. मुद्दाम कोण करतं.

दुसऱ्या दिवशी दालनात गेलो तर गर्दी त्या पुठ्ठ्यासमोरच. एक निवृत्त प्राचार्य होते, हनुवटीला हात लावूनच जन्मले असावेत. माझ्या कपाचा गोल डाग पडला होता कोपऱ्यात, त्याला ते शून्य म्हणाले. एक बाई डोळे टिपत होत्या. मी म्हटलं, आता धाकटा येईल, बघेल, पोट धरून हसेल, मला चार शिव्या घालेल — घालू दे, माझी चूकच होती. आला. बघितलं. ओळखलं त्यानं, ओठ हलले त्याचे, मी जवळच उभा होतो. प्राचार्यांनी विचारलं, यात काही खाजगी आहे का? आणि तो म्हणाला — हो. आई गेली त्या आठवड्यातलं आहे.

आई गेली त्या आठवड्यात त्यानं काय काढलं होतं ते मला माहीत होतं ना. इथे, दुकानात, भिंतीला टेकून उभं होतं ते.

हातोडी हातातच होती, एका चौकटीचा सैल खिळा ठोकायला आणलेली. पहिला घाव काचेवर. तो आडवा आला — मला अडवायला नाही हो, पुठ्ठा वाचवायला. उजवा पंजा पसरून धरला त्याच्यावर. काच पडली म्हटलं ना मी? पडलीच होती काच, खाली. दुसरा घाव बोटांवर बसला. बारीक खिळा तिरका जाऊन वाकला की हाताला कळतं, तसं कळलं. तिथे थांबता आलं असतं. चार घातले, साहेब. मोजून नाही, नंतर डॉक्टरांनी हाडं मोजली. प्राचार्य म्हणाले, हाही कलाकृतीचाच भाग असावा. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. रक्त त्यांच्या बुटांपर्यंत आल्यावर थांबले. दवाखान्यात धाकट्यानंच सांगितलं, काच पडली. तेव्हापासून आम्ही दोघंही तेच सांगतो.

परवाच विचारत होता — दादा, तू दुकानात लावून ठेवलंयस ना ते बारावं चित्र, येणाऱ्याजाणाऱ्याला काही होतं का रे बघून? म्हटलं, वा म्हणतात. आणि? आणि काही नाही, म्हटलं, वा म्हणतात आणि सोफ्याचं कापड काढतात. बरं झालं, म्हणाला. म्हणजे फार काही गेलं नाही. तेच तर म्हणतोय मी. सगळी सोंगं. एका सोंगाचा हात मोडला, एवढंच.

झाली तुमची काच. हे घ्या — अहो, इकडे. काय बघताय एवढं? काही नाही त्यात. दाराशी बसलेली बाई आहे, तळपायातला काटा काढतेय. आमची आई. त्यानं काटाही नीट दाखवलेला नाही, नुसतं तिचं तोंड आणि चिमटीत धरलेली कातडी —

तुम्ही पाय मागे घेतलात.

आत्ता. उजवा पाय. खुर्चीखाली ओढलात, मी बघितलं. माझाही जातो मागे, रोज जातो, पण मी भाऊ आहे, मला होणारच. तुम्हाला काय कारण? ‘वा’ म्हणा. मघाशी म्हणालात तसं म्हणा की.

बोला ना.

उचला तुमचा सूर्यास्त. नाही, नको, काही देऊ नका. जा तुम्ही. आणि जाताना तिकडे बघू नका.